जलपर्णी काढली, पण तलाव सुधारला का? पाणवनस्पतींवरून करायची पारख

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याच्या पश्चिम उपनगरातील आपल्या वसाहतीलगतच्या जुन्या तलावातील जलपर्णी दोन वर्षांपूर्वी यंत्राने काढण्यात आली, त्यानंतर झालेल्या पाण्याच्या एका तपासणीचा अहवाल समाधानकारक आला आणि काठावर हिरवळही भरपूर आहे, तरीही तलाव खरोखर सुधारला की नाही हे तेथील वनस्पती पाहून ठरवता येईल का, आणि येत असेल तर शाळेतील मुले व काही निवृत्त रहिवासी यांना ते जमेल का? ठरवता येते, आणि जमण्यासारखेही आहे. मात्र हिरवळ किती आहे किंवा किती जातींची नावे यादीत भरली, यावरून काहीच ठरत नाही. अशा प्रकारच्या तलावात ज्या वनस्पती असायला हव्या होत्या त्यांपैकी कोणत्या आज दिसत नाहीत, आणि त्यांची जागा कोणी घेतली आहे, हे पाहावे लागते. या पारखीतील बहुतेक मेहनत गैरहजर वनस्पती शोधण्यातच जाते.

आधी त्या अहवालाविषयी. पाण्याचा नमुना ज्या घटकेला बाटलीत भरला त्या घटकेचीच माहिती देतो. पावसाळ्यात ओढ्याला पूर येऊन गेल्यावर घेतलेला नमुना सांडपाणी पातळ झाल्यामुळे चांगला दिसतो. त्याहून फसवा प्रकार विरघळलेल्या ऑक्सिजनचा असतो, कारण सूक्ष्म शैवाळाने हिरवे झालेले पाणी दुपारी प्रकाशसंश्लेषणामुळे ऑक्सिजनने भरलेले असते आणि पहाटे त्याच पाण्यात मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडून श्वास घेताना दिसतात. कार्यालयीन वेळेत नमुना घेणारा माणूस पहाटे तलावावर जात नाही. वनस्पती मात्र जागा सोडून जाऊ शकत नाहीत. वर्षभर आलेले पाणी, गाळ, क्षार आणि प्रकाश यांचा एकत्रित परिणाम त्यांच्या असण्या-नसण्यात उतरलेला असतो. म्हणून मी दोन्ही मागतो, पण दोहोंत मतभेद झाल्यास वनस्पतींच्या बाजूने झुकतो.

पारख करण्यापूर्वी पाणथळ जागा कोणत्या प्रकारची आहे हे निश्चित करावे लागते, आणि सर्वाधिक चुका येथेच होतात. सह्याद्रीतील जांभ्या खडकाच्या पठारांवर पावसाळ्यात जी उथळ डबकी आणि ओलसर खडकपट्टे तयार होतात, तेथे मातीचा थर बोटभरही नसतो व नत्र-स्फुरद यांचा दुष्काळ असतो. तेथे गेंद, सीतेची आसवे, दवबिंदू आणि कास परिसरात वायतुरा अशा वनस्पती दिसतात. सीतेची आसवे आणि दवबिंदू कीटकभक्षी आहेत, कारण मातीत न मिळणारे नत्र त्या प्राण्यांकडून मिळवतात. अशा जागी कोठे दाट, गर्द हिरवे, उंच गवत उगवलेले दिसले तर ते आजारपणाचे चिन्ह समजावे. गुरांचे शेण किंवा पर्यटकांची घाण तेथे साचत असण्याची शक्यता मोठी असते. म्हणजे जी समृद्धी गावतळ्यात चांगली मानली जाईल, तीच पठारावरच्या डबक्यात बिघाड ठरते.

खडकवासला किंवा पानशेत यांसारख्या जलाशयांचे गणित आणखी वेगळे आहे. त्यांची पातळी वर्षभरात कित्येक मीटरने वरखाली होते, त्यामुळे काठाचा बराच भाग कधी खोल पाण्याखाली आणि कधी भर उन्हात असतो. तेथे स्थिर पट्टे तयार होत नाहीत आणि उघडा, भेगाळलेला काठ हा त्यांचा स्वभावच आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर त्या गाळावर जमिनीलगत पसरणाऱ्या अल्पायुषी वनस्पती उगवतात, आणि उजनीसारख्या ठिकाणी लोक त्याच जमिनीवर गाळपेर करतात. वाहत्या नदीची कसोटी पुन्हा निराळी असते: खडकाळ, वेगवान पात्रात शेरणीची झुडपे, काठाला वाळुंज, करंज आणि उंबर, तर पावसाळ्यानंतर पाणी उतरताच खडकांना चिकटून फुलणाऱ्या पोडोस्टेमॅसी कुळातील चिमुकल्या वनस्पती, ज्यांना स्वच्छ आणि खळाळते पाणी लागते. मुळा-मुठेच्या शहरातील पात्रात आज जो शेरळीचा गुलाबी फुलांचा पट्टा, रान अळू, पॅरा गवत आणि मगर गवत यांचे रान दिसते, ते संथ, पोषकद्रव्यांनी लदलेल्या पाण्याचे वर्णन आहे; नदीचे नव्हे.

आपला तलाव बांध घालून तयार झालेला, उथळ आणि ओढ्याच्या पाण्यावर भरणारा आहे. तो मानवनिर्मित आहे म्हणून त्याला पाणथळ मानू नये, असे कोणी म्हटले तर दोन गोष्टी सांगाव्यात. 2017 च्या पाणथळ जागांविषयीच्या केंद्रीय नियमांतून पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी किंवा करमणुकीसाठी मुद्दाम बांधलेले जलसाठे वगळलेले आहेत, हे खरे आहे, आणि ते नियम आपल्या तलावाला लागू होतात की नाही हा कायद्याचा प्रश्न आहे. परंतु पाणथळ जागांच्या संरक्षणासाठी झालेल्या 1971 च्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराची व्याख्या नैसर्गिक आणि कृत्रिम दोन्ही प्रकारच्या जागांना सामावून घेते, आणि महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ असलेले नांदूर मधमेश्वर हेदेखील गोदावरीवर बांधलेल्या बंधाऱ्यामुळेच तयार झाले आहे. वनस्पतींना बांध कोणी घातला याच्याशी कर्तव्य नसते.

अशा उथळ तलावात निरोगी अवस्थेत वनस्पतींचे पट्टे एकामागून एक लागतात. काठाच्या ओलीत लव्हाळे, नीरब्राह्मी, कोळसुंदा. गुडघाभर पाण्यात पाणकणीस, बोरूसारखा उभा लव्हाळवर्गीय झाडोरा आणि चार पानांचे मार्सिलिया नेचे. त्यापुढे तळात मुळे रोवून पाने पाण्यावर पसरणारी कुमुदे आणि निम्फॉइडिस. आणि त्याहीपुढे पूर्ण बुडून वाढणाऱ्या वनस्पती, म्हणजे हायड्रिला, व्हॅलिसनेरिया, पोटॅमोजेटन, नाजास, ऑटेलिया आणि शैवाळवर्गातील कॅरा. आपल्याकडे लोक या सगळ्या बुडालेल्या वनस्पतींना सरसकट शेवाळ म्हणतात आणि काढून टाकण्याची मागणी करतात. माझ्या मते, पुण्याच्या परिसरातील तलावांची पारख करताना सर्वांत जास्त वजन याच पट्ट्याला द्यायला हवे.

कारण साधे आहे. काठावरचे पाणकणीस हवेत पाने उंचावून प्रकाश घेते, जलपर्णी पाण्यावर तरंगून घेते. पाणी गढूळ असो की हिरवे, त्यांना फरक पडत नाही. पाण्याखालच्या वनस्पतींना मात्र पाण्यातून गाळून आलेल्या प्रकाशावर जगावे लागते. म्हणून पाणी गढूळ होऊ लागले की सर्वांत आधी त्या जातात, आणि त्या गेल्या की तळाचा गाळ धरून ठेवणारे कोणी उरत नाही, वाऱ्याने तो ढवळतो, गाळातील स्फुरद पाण्यात येतो, सूक्ष्म शैवाळ वाढते आणि पाणी आणखी अपारदर्शक होते. हे चक्र एकदा फिरू लागले की केवळ सांडपाणी थोडे कमी करून ते उलटत नाही. उथळ तलाव एक तर स्वच्छ पाणी व बुडालेल्या वनस्पती या अवस्थेत राहतात, नाही तर हिरवे पाणी व ओसाड तळ या अवस्थेत; मधली अवस्था फार टिकत नाही.

जलपर्णी काढल्यानंतर आपल्या तलावात नेमके काय झाले असेल याचा अंदाज यावरून करता येतो. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती अनुकूल परिस्थितीत साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते, म्हणजे ती भरपूर नत्र-स्फुरद खात असते. ती उचलून नेली की प्रकाश पाण्यात शिरतो. पण नाल्यातून येणारे खाद्य पूर्वीइतकेच राहिले, तर त्या प्रकाशाचा फायदा बुडालेल्या वनस्पतींआधी सूक्ष्म शैवाळ घेते. तलाव मोकळा दिसतो, छायाचित्र चांगले येते आणि पाणी हिरव्या रंगासारखे होते. शिवाय जलपर्णीचे बी गाळात कित्येक वर्षे तग धरते. म्हणून जलपर्णी नसणे हा सुधारणेचा पुरावा मी कधीच धरत नाही. जलपर्णी गेल्यानंतर तळातून कोण वर आले, हे विचारतो. हायड्रिला आणि सिराटोफिलम आले असतील तर पाण्यात प्रकाश पोहोचतो आहे, पण पोषकद्रव्ये अजून जास्त आहेत असे समजावे, कारण या दोन्ही जाती बऱ्यापैकी सोशिक आहेत. सिराटोफिलमला तर मुळेच नसतात, ते सगळे खाद्य पाण्यातून घेते. ऑटेलिया आणि कॅरा सापडले तर आनंद मानायला हरकत नाही. कॅरा ओळखायला सोपे असते: हाताला खरखरीत लागते आणि चुरगळल्यावर त्याला उग्र वास येतो.

मात्र बुडालेल्या वनस्पती नाहीत म्हणजे सांडपाणीच दोषी, असा निष्कर्ष लगेच काढू नये. तलाव मासेमारीसाठी ठेक्याने दिलेला आहे का आणि त्यात कोणते बीज सोडले जाते, हे आधी विचारावे. गवत्या मासा बुडालेल्या वनस्पतींवरच पोसतो आणि पुरेशा संख्येने सोडल्यास तलावातील या वनस्पती पार संपवून टाकतो. सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प मासा, तळ उकरून मुळे उपटतो आणि गाळ उठवतो. भोर तालुक्यातील एका तळ्यात मी दोन हंगाम सांडपाण्याचा स्रोत शोधत हिंडलो होतो. तेथील मच्छीमार काकांनी चहा पिताना सहज सांगितले की तीन वर्षांपूर्वी गवत्याची बोटुकली सोडली होती, आणि माझा प्रश्न सुटला. अशा लोकांशी बोलणे ही सर्वेक्षणाची पहिली पायरी असावी. पूर्वी तळ दिसत असे का, शिंगाडा लावत असत का, गुरे कोठे पाण्यात उतरत, याची उत्तरे जुन्या रहिवाशांकडून मिळतात. लेखी पुरावा हवा असल्यास थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील ग्रंथ पाहावा. तो 1901 ते 1908 या काळात प्रसिद्ध झाला आणि कुक स्वतः पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य होते, त्यामुळे त्यात पुणे परिसराचे उल्लेख पुष्कळ आहेत. पुण्यातच भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या पश्चिम विभागीय केंद्रात वाळवलेल्या नमुन्यांचा मोठा संग्रह आहे.

आणखी एक कारण यंत्रांचे. तलावाचा गाळ काढताना पोकलेनने काठ सरळ खोल कापला आणि वर दगडी पिचिंग केले, तर पाणी कितीही शुद्ध असले तरी उथळ उतारच उरत नाही आणि वर सांगितलेले पहिले तीन पट्टे उगवायला जागा राहत नाही. वाटी आणि ताट यांत जो फरक, तोच अशा तलावात आणि जुन्या तळ्यात असतो. आपल्या तलावाला पदपथ करताना असे काही झाले आहे का, ते पाहावे. झाले असेल तर त्या बाजूची नोंद वेगळी ठेवावी, नाही तर बांधकामाचा दोष पाण्याच्या माथी मारला जाईल.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. वर्षातून तीनदा जावे: पाऊस ओसरताना सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, कारण काठावरच्या बहुतेक वनस्पती तेव्हा फुलावर असतात आणि लव्हाळ्यांची ओळख फुलांशिवाय पटत नाही; डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा गाळ बसून पाणी निवळते आणि बुडालेल्या वनस्पती नीट दिसतात; आणि एप्रिल-मे मध्ये, जेव्हा काठ उघडा पडतो. एकाच भेटीवर मत देणाऱ्याचे ऐकू नये, आणि ते मत माझे असले तरी ऐकू नये.

नाला तलावात शिरतो ते तोंड, सांडव्याची बाजू, आणि माणसांची वर्दळ कमी असलेला एखादा काठ, अशा किमान तीन ठिकाणी काठापासून पाण्याकडे काटकोनात दोरी ताणावी. दोरीच्या कडेने ठरावीक अंतरावर 1 मीटर बाय 1 मीटर मापाची चौकट ठेवून तिच्यात कोणत्या जाती आहेत आणि प्रत्येकीने किती भाग व्यापला आहे हे लिहावे. टक्केवारी अचूक सांगण्याचा आव आणू नये. 5 टक्क्यांहून कमी, 5 ते 25, 25 ते 50, 50 ते 75 आणि 75 च्या वर, असे पाच वर्ग पुरतात, आणि दोन वेगवेगळी माणसे सहसा एकाच वर्गावर येतात. खोल पाण्यासाठी लोखंडी दाताळ्याला दोरी बांधून ते फेकावे व तळावरून ओढत आणावे. प्रत्येक ठिकाणी सारख्याच वेळा फेकावे आणि रिकामे आले तरी ते लिहावे. रिकाम्या फेकी लिहिण्याचा कंटाळा सगळ्यांना येतो, पण तलावाच्या तब्येतीची अर्धी माहिती त्यांतच असते. पाण्यात उतरण्याचे काम मोठ्यांनी करावे आणि मुलांना काठावरची चौकट द्यावी. त्याच दिवशी सेक्की तबकडी, म्हणजे पांढरी-काळी रंगवलेली थाळी, दोरीने सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते तेही मोजावे. घरी बनवता येते.

नाल्याच्या तोंडाशी आणि दूरच्या काठाला काय फरक आहे, ही तुलना एकूण यादीपेक्षा मोलाची असते. तोंडाशी अळू, पॅरा गवत आणि दाट पाणकणीस असून दूरच्या काठाला कुमुद आणि लव्हाळ्यांच्या चार-पाच जाती असतील, तर तलाव येणारा मारा अजून पचवतो आहे. तोंडाशी आणि दुसऱ्या टोकाला तेच तीन रहिवासी सापडले, तर ती क्षमता संपली आहे. याच कारणासाठी तोंडाशी असलेले पाणकणीस उपटून टाकण्याच्या मोहिमांना माझा विरोध असतो. ते तेथे फुकटात गाळणीचे काम करीत असते.

जातींची संख्या मोजताना मी स्वतः एकदा चांगलाच फसलो आहे. सुरुवातीच्या काळात एका तलावाला, यादी लांबलचक झाली म्हणून, मी उत्तम शेरा दिला होता. नंतर एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी यादीवर पेन्सिल फिरवली आणि निम्म्याहून अधिक नावे बांधावरच्या कोरड्या भरावातील तणांची निघाली: गाजर गवत, तरोटा, आघाडा, रानतुळस. बांधावरची वनस्पती तलावाविषयी काही सांगत नाही. तेव्हापासून पहिल्या टप्प्यातच मी तीन रकाने करतो: केवळ पाणथळीतच वाढणाऱ्या, ओलीत आणि कोरड्यात दोन्हीकडे चालणाऱ्या, आणि मूळच्या कोरडवाहू. अमेरिकेत याच हेतूने अधिकृत याद्या केलेल्या आहेत आणि त्यांत पाच गट आहेत. तेथे ज्या जाती जवळजवळ नेहमीच पाणथळीत सापडतात त्यांना पहिल्या गटात धरतात. आपल्या कामाला तीन गट पुरे.

गुण देण्याची एक पद्धत आपण वाचली असण्याची शक्यता आहे, म्हणून तिच्याविषयी. 1970 च्या दशकाच्या अखेरीस शिकागो परिसरासाठी फ्लॉइड स्विंक आणि जेरोल्ड विल्हेल्म यांनी प्रत्येक स्थानिक जातीला 0 ते 10 असा निष्ठांक देण्याची पद्धत रूढ केली. जी वनस्पती कोठेही, उकिरड्यावरसुद्धा, उगवते तिला 0 आणि जी केवळ अबाधित अधिवासातच टिकते तिला 10. या अंकांची सरासरी काढून तिला जातींच्या संख्येच्या वर्गमुळाने गुणले की त्या जागेचा निर्देशांक मिळतो. कल्पना उत्तम आहे, पण त्यातील वर्गमूळ घात करते. समजा, एका तलावात 16 जाती आहेत आणि सरासरी अंक 5 आहे, तर निर्देशांक 20 येतो. दुसऱ्या तलावात 64 जाती असून सरासरी 2.5 असेल, तरीही तो 20 च येतो. पहिला तलाव छोटा पण निकोप आहे, दुसरा मोठा आणि तणांनी भरलेला आहे, आणि कागदावर दोघे सारखे. म्हणून मी सरासरी अंक आणि संख्या वेगवेगळ्याच लिहितो, गुणाकार करीत नाही.

दुसरी अडचण अशी की हे अंक प्रदेशाचे असतात. मध्य युरोपासाठी हाइन्झ एलेनबर्ग यांनी 1974 मध्ये ओल, प्रकाश, नत्र यांबाबत प्रत्येक जातीची आवड अंकांत मांडली, पण ते अंक मान्सूनच्या मुलखात लावता येत नाहीत. आपला हायड्रिला फ्लोरिडात उपद्रवी परकीय आहे. दक्षिण अमेरिकेतल्या आपल्या गावी जलपर्णी ही इतर अनेकांतली एक साधी पाणवनस्पती आहे. त्यामुळे शिकागोचे किंवा जर्मनीचे कोष्टक उतरवून घेण्यापेक्षा पुणे परिसरातील तलावांत नेहमी दिसणाऱ्या तीस-चाळीस जातींना एखाद्या जाणत्या वनस्पतितज्ज्ञाच्या मदतीने सोशिक, मध्यम आणि नाजूक असे तीन दर्जे द्यावेत आणि ते दर्जे पुढील पाच वर्षे बदलू नयेत. दर्जा थोडा चुकला तरी चालेल; दरवर्षी बदलला तर तुलनाच उरत नाही.

शेवटी, आपल्या तलावात बुडालेल्या वनस्पती आढळल्याच नाहीत, तर त्या परत येऊ शकतील का हे तपासण्याचा एक सोपा प्रयोग आहे. मे महिन्यात काठाच्या उघड्या भागातून आणि उथळ पाण्याखालून वरच्या चार-पाच सेंटिमीटर थराचा गाळ वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा करावा, पसरट टबांमध्ये पातळ थरात पसरावा आणि जाळीने झाकून सावलीत ठेवावा. निम्मे टब नुसते ओले ठेवावेत, निम्म्यांत वीतभर स्वच्छ पाणी भरावे. एका टबात गाळाऐवजी भट्टीत भाजलेली वाळू घालावी, म्हणजे वाऱ्याने आलेले बी कोणते हे कळेल. पावसाळा संपेपर्यंत दर आठवड्याला जे उगवेल ते मोजून नोंदवावे. पाणी भरलेल्या टबांतून नाजास, कॅरा किंवा ऑटेलिया वर आले, तर गाळात बियाणे शिल्लक आहे आणि अडथळा प्रकाशाचा किंवा माशांचा आहे. मग नाल्याचे पाणी वळवणे आणि मत्स्यबीजाचा ठेका बदलणे यांवर शक्ती खर्च करावी, आणि गाळ काढण्याचे काम असल्यास काठाचा तो थर तरी वाचवावा. टबांतून केवळ जलपर्णी आणि पाणकणीस उगवले, तर बाकीच्यांचे बी संपत आले आहे असे मानून, पाणी निवळल्यानंतर जवळच्या एखाद्या निकोप तळ्यातून रोपे आणण्याचा विचार करावा लागेल. पाण्याबरोबर जलपर्णीचे बीही येऊ शकते, म्हणून ती रोपे आधी एक हंगाम वेगळ्या टाकीत ठेवून तपासावीत.